खांब कुजला, खळगा उरला

इराण-इराकवर पार्थियन राजांचा अंमल होता तो इ.स.पू. २४७ ते इ.स. २२४ या काळात. त्यांच्या छायेत वाढलेल्या हत्रा शहरातली दगडी देवळं आजही ओळखू येतात. तक्षशिलेजवळ जंडियालला याच कालखंडातलं एक मंदिर जॉन मार्शल यांनी उकरून काढलं. तेही दगडी, ग्रीक घाटाच्या खांबांचं. वऱ्हाडात मात्र त्या वयाचं एकही देऊळ उभं नाही. म्हणून आपल्याकडे देवळं सुरू झाली ती वाकाटकांच्या वेळी, चौथ्या-पाचव्या शतकात, असं सर्रास सांगितलं जातं. हे गणित मला घाईचं वाटतं. जे टिकलं नाही ते नव्हतंच असं ठरवण्याआधी ते कशाचं बांधलेलं असेल, हे विचारायला हवं.

उत्तराचा मोठा भाग सातपुड्यापलीकडे आहे. वरूडहून मुलताई, बैतूल, भोपाळ करत पुढे गेलं की विदिशेला लागून बेसनगर येतं. तक्षशिलेचा हेलिओडोरस हा ग्रीक राजा अंतियाल्किडासचा वकील म्हणून इथल्या भागभद्र राजाकडे आला आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी तो स्तंभ १८७७ मध्ये पाहिला, पण लेख शेंदराच्या पुटांखाली दडला होता. तो उजेडात यायला १९०९ साल उजाडलं. गरुडध्वज आहे, मग देऊळ कुठे? देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी १९१३ ते १९१५ मध्ये इथे खणलं. पायाचा छडा लागला तो १९६३ ते १९६५ मध्ये, एम. डी. खरे यांच्या उत्खननात. भिंत नाही, शिखर तर नाहीच. हाती आले ते लंबवर्तुळाकार पायाचे चर, खांबांचे खळगे आणि लोखंडी खिळे. लाकडी खांब वाळवी खाते, ओल कुजवते, पण त्याच्या जागी भरलेली माती भोवतालच्या मातीहून भुसभुशीत आणि वेगळ्या रंगाची राहते. थर हलक्या हाताने आडवा खरवडत गेलं की ती गोल डागासारखी उमटते. खरे यांच्या मते पहिलं देऊळ स्तंभाहूनही जुनं होतं. ते पुराने गेलं आणि पुढे भर घालून उंचावलेल्या जागेवर दुसरं उभं राहिलं.

लंबवर्तुळाकार पाया घराचाही असू शकेल, बौद्ध वास्तूचाही, असा आक्षेप येतो. नुसत्या आकारावर भिस्त असती तर तो मान्य करावा लागला असता. पण इथे हेलिओडोरसच्या स्तंभाच्या जोडीने आणखी सात स्तंभांचे खड्डे मिळाले आहेत, आणि स्तंभावर देवाचं नाव कोरलेलं आहे. दुसरं म्हणणं असं, की तेव्हाचा धर्म यज्ञाचा, त्यात देवळाचं काय काम? नाणेघाटातल्या सातवाहन लेखात यज्ञांची नि दक्षिणांची लांबलचक यादी आहे खरी. मात्र त्याच लेखाच्या आरंभी संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. वंदनाने देऊळ सिद्ध होत नाही. हे देव या मुलखाला परके नव्हते, एवढं मात्र होतं. आणि लाकडाचं म्हणाल तर भाज्याच्या चैत्यगृहात कातळाच्या छताखालीही लाकडी कमानी बसवल्या आहेत. त्यांची तिथे गरज नव्हती. कारागिरांची नजर लाकडी इमारतींना सरावलेली होती.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. विदिशा हे राजाचं ठाणं. वऱ्हाडातल्या वस्तीला झाडाखालचा ओटा पुरत असेल. बहुतेक गावांत तसंच असणार. परंतु पूर्णेकाठच्या भोनला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात त्या काळचा विटांचा स्तूप निघाला आहे. म्हणजे धर्माच्या बांधकामावर विटा, मजूर आणि पैसा खर्च करणारी वस्ती इथे होती. वर्धेकाठी कौंडण्यपूरलाही प्राचीन वस्तीचे थर मिळाले आहेत. रुक्मिणीचं माहेर असल्याने तिथे वासुदेवाचं देऊळ निघावं असा मोह होतो. तो आवरलेलाच बरा, कारण कथेवरून थराचं वय ठरत नाही.

शोध घ्यायचा तर आपली जमीनच आडवी येते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचे तुकडे भेगांतून खाली जातात आणि थरांची सरमिसळ होते. अशा मातीत खळग्याची कड धड राहत नाही. राख, शेण आणि पडलेल्या भिंतींनी बनलेल्या पांढरीत ती नीट राहण्याची शक्यता जास्त. पण पांढरीची मातीच बांधकामाला नि शेतात टाकायला उपसली जाते. भोनवर तर जिगाव धरणाच्या पाण्याचं सावट आहे. शिवाय खणण्याची रीतही बदलावी लागेल. अरुंद उभ्या चरातून काळाचा क्रम कळतो, खळग्यांची मांडणी कळत नाही. सात-आठ डाग एकाच वळणावर येतात हे दिसायला सलग मोठं क्षेत्र आडवं उघडावं लागतं, आणि एखाद्या खळग्यात जळक्या खांबाचा कोळसा मिळाला तरच कार्बन-१४ च्या चाचणीने त्या लाकडाचं वय काढता येतं.