बारा फुटांची चूक

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली ब्लॅक माउंटन्स ही ॲपलाचियन पर्वतातली एक चिमुकली रांग. लांबी जेमतेम २४ किलोमीटर. स्प्रूस आणि फरच्या दाट झाडीमुळे लांबून काळी दिसते, म्हणून हे नाव. पण मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वांत उंच दहा शिखरांपैकी सहा याच रांगेत आहेत. त्यांतलं थोरलं माउंट मिचेल : ६,६८४ फूट.

इलायशा मिचेल हे विद्यापीठातले प्राध्यापक. हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी घेऊन ते १८३५पासून हे डोंगर चढले आणि शेवटी त्यांनी उंची काढली ६,६७२ फूट. चूक फक्त १२ फुटांची! एवढ्या फरकाने नळीतला पारा पाव मिलिमीटरच्या आसपास हलतो. त्यांचाच विद्यार्थी, राजकारणी थॉमस क्लिंगमन याने मात्र ६,९४१ फूट असा आकडा ठोकून दिला आणि सरांनी भलतंच शिखर मोजलं, असा वाद घातला. आपलं मोजमाप पुन्हा तपासायला १८५७मध्ये निघालेले मिचेल एका धबधब्याजवळ कड्यावरून पडून गेले. आज त्यांची कबर त्याच शिखरावर आहे. क्लिंगमनचं नाव लाभलेलं शेजारच्या रांगेतलं शिखर सुमारे ४० फुटांनी ठेंगणं निघालं. २०२४मध्ये त्याला कुवोही हे मूळ चेरोकी नावही परत मिळालं.

आता ते १२ फूट डोंगराच्या हिशेबात मांडू. इथला खडक म्हणजे प्राचीन समुद्रतळावरचा गाळ, खोल गाडला जाऊन भाजून निघालेला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका उत्तर अमेरिकेवर येऊन आदळली, तेव्हा हा पर्वत पुरा उभा राहिला. शेजारच्या ग्रेट स्मोकी डोंगरांतली झीज शास्त्रज्ञांनी नदीच्या वाळूवरून मोजली आहे : दहा लाख वर्षांत साधारण ३० मीटर. म्हणजे हजार वर्षांत ३ सेंटिमीटर. हाच वेग सगळा काळ धरला, तर आजवर ९ किलोमीटर खडक वाहून गेला. मग डोंगर उरलाच कसा?

कारण त्याचं मूळ खाली प्रावरणात रुतलेलं आहे. वरचा भार हलका झाला की तळ उचलला जातो; १०० मीटर खडक गेला तर सुमारे ८० मीटर भरून निघतात. नुसत्या झिजेने १२ फूट जायला सव्वा लाख वर्षं लागली असती. या उचलीसकट हिशेब सहा लाखांच्या घरात जातो.