चिखलात रुतलेले चाक

कामशेतहून दक्षिणेला वळले की थोड्याच वेळात पवनानगर लागते. समोर पवना धरणाचा जलाशय आणि आसमंतात लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे चार किल्ले. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे सहकारी तेथे एक वेगळा धडा घ्यायला गेलो होतो. डांबरी रस्ता सोडून खाचखळग्यांतून गाडी कशी चालवायची, हे शिकण्याचा! सोबत एक अनुभवी मार्गदर्शक होते. वाट एका शेतकऱ्याच्या पडीक जमिनीतून, त्याच्या परवानगीने जाणारी होती. गाडी होती मारुतीची छोटी जिम्नी, १९८५ साली आलेल्या जिप्सीची वारसदार. तिच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती देता येते.

पहिल्याच ओहोळात आम्ही अडकलो. ओहोळ तिरका ओलांडताना पुढचे डावे चाक अधांतरी राहिले आणि मागचे उजवे चाक चिखलात जेमतेम टेकले. गाडी थांबली म्हणून आम्ही ॲक्सिलरेटर जोरात दाबला, सोडला, पुन्हा दाबला. ती दोन चाके गरगर फिरली, चिखल उडाला. खडकावर भक्कम टेकलेली दुसरी दोन चाके मात्र जागची हलली नाहीत. आणखी जोर केला तसे मागचे चाक आणखी खोल गेले. मार्गदर्शक म्हणाले, ‘‘साहेब, गाडी बंद करा. खाली उतरा आणि आधी चारही चाके बघा.’’

आम्ही उतरून पाहिले. भौतिकशास्त्र शिकलेल्या तीन माणसांना उत्तर देता येईना असा प्रश्न समोर होता : शक्ती चारही चाकांना मिळते, तर फिरली दोनच का?

जोर इंजिनाचा, पकड जमिनीची

आधी इंजिनाचा जोर कमी पडला का ते पाहू. या गाडीच्या इंजिनाचे कमाल पीळबळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १३४ न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर आणि त्याच्या जोडीला ‘लो’ गिअर टाकला की चाकांपर्यंत पोचताना ते सुमारे ३६ पट होते. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३४ मीटर आहे. मध्ये होणारी घट सोडली, तर गाडीला पुढे ढकलणारे बळ सुमारे १४,००० न्यूटन येते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,४०० किलोग्रॅम धरले, तर तिचे वजन सुमारे १३,७०० न्यूटन. म्हणजे इंजिनाचा जोर गाडीच्या वजनाहूनही अधिक आहे! जोर वाढल्याच्या प्रमाणात वेग मात्र कमी होतो. गाडी माणसाच्या सावकाश चालीने जाते.

तेव्हा कमतरता जोराची नव्हतीच. चाक जमिनीला जेवढे मागे रेटू शकते, तेवढीच जमीन गाडीला पुढे ढकलते आणि त्याची मर्यादा घर्षण ठरवते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर चढाची मर्यादा सुमारे ३९ अंश येते, कारण त्या कोनाचा टॅन्जन्ट ०.८ असतो. ओल्या मातीवर घर्षणांक ०.३ झाला की मर्यादा १७ अंशांवर येते. दोनच चाके ढकलत असतील आणि त्यांच्यावर निम्माच भार असेल, तर सुमारे साडेआठ अंश. चार चाकांचा फायदा एवढाच, की गाडीचे सगळे वजन पकडीसाठी कामी येते.

जू आणि डिफरन्शियल

मग चार चाके असून अडकलो कसे? वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडते. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडली, तर त्यांपैकी एक घसरेल. म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची रचना असते. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. ती दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण पीळबळ दोघांना सारखेच वाटते.

या ‘सारखेच’मध्ये सगळी मेख आहे. बैलांचे जू आठवा. मध्ये ओढ आणि दोन टोकांना दोन बैल. एका बैलाने अंग चोरले की जू तिरके होते आणि दुसऱ्याचा जोर वाया जातो. तसेच अधांतरी चाक फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. म्हणून त्याच्या जोडीदारालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. आमचे पुढचे एक आणि मागचे एक चाक असे ‘अंग चोरत’ होते. त्यामुळे खडकावरची दोन्ही चाके स्वस्थ उभी राहिली.

यावर उपाय म्हणजे फुकट फिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावणे. ते अडले की त्याला फिरवायला जोर लागतो आणि तेवढाच जोर जोडीदाराला मिळतो. या गाडीत हे काम यंत्रणा आपोआप करते, पण तिला क्षणभर अवधी द्यावा लागतो. आम्ही ॲक्सिलरेटर दाबत-सोडत राहिलो आणि तो अवधी दिलाच नाही.

हवा कमी का केली?

मार्गदर्शकांनी मग टायरमधली हवा ३० पाउंडांवरून २० पाउंडांवर आणली. एका चाकावरचा भार सुमारे ३,४०० न्यूटन आहे. भाराला दाबाने भागले की टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळते. ते सुमारे १६५ चौरस सेंटिमीटरवरून २४५ वर, म्हणजे दीडपट झाले.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, ‘घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे पुस्तकात आहे ना?’ प्रश्न अगदी योग्य आहे. तो नियम कठीण, कोरड्या पृष्ठभागांचा. मातीत चाक घसरते तेव्हा मातीच मातीवरून सरकते. विद्युतभारांच्या नियमामुळे आपल्या परिचयाचे असलेले कूलाँ यांनी १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले, की मातीचा प्रतिकार दोन भागांचा असतो : एक भारावर अवलंबून असणारा आणि दुसरा कणांच्या चिकटपणाचा, जो क्षेत्रफळावर अवलंबून असतो. चिकणमातीत हा दुसरा भाग महत्त्वाचा ठरतो. शिवाय दाब विभागल्याने चाक कमी रुतते. मात्र डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते, नाहीतर टायर वाकून वाकून तापतो.

मागच्या चाकाखाली चपटे दगड रचले आणि ॲक्सिलरेटर एकसारखा, हलका दाबून ठेवला. चाके क्षणभर फिरली, ब्रेकचा करकर आवाज आला आणि गाडी सावकाश बाहेर आली.

वर्गात करून पाहा

फूटपट्टीच्या मध्यभागी दोरा बांधा. दोन्ही टोकांना एकेक स्प्रिंगकाटा अडकवा आणि दोन विद्यार्थ्यांना ते धरायला सांगा. तिसऱ्याने मधला दोरा ओढावा. दोन्ही काटे सारखेच बळ दाखवतील. आता एकाला हात सैल सोडायला सांगा. पट्टी वळेल आणि दुसरा काटाही शून्याकडे येईल. फळीवर वीट ठेवून फळी हळूहळू उचला. वीट घसरू लागते त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे घर्षणांक. फळीवर गोणपाट टाकून, मग ओला चिखल लिंपून कोन पुन्हा मोजा.

मागे राहिलेली चाकोरी

परत निघताना आम्ही ओहोळाकडे वळून पाहिले. जेथे आम्ही जोर केला होता तेथे वीतभर खोल खड्डा होता. जेथून गाडी सावकाश बाहेर आली तेथे टायरची फक्त नक्षी उमटली होती. मावळात पाऊस धो धो पडतो. अशा खड्ड्यातून पाणी वाट काढते, माती घेऊन जाते आणि ती शेवटी पवनेच्या जलाशयात साठते. पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी याच धरणातून मिळते.

आम्ही तो खड्डा दगडमातीने बुजवला. मार्गदर्शक म्हणाले, ‘‘चांगला चालवणारा कोण, हे गाडी गेल्यावर जमिनीकडे बघून सांगता येते.’’ घसरणारे चाक गाडीला पुढे नेत नाही, ते फक्त माती उकरते. गाडीचे आणि जमिनीचे हित येथे एकच आहे. उतरून चारही चाके बघण्याची पाच मिनिटे दोघांच्याही उपयोगी पडतात.