सायकलचा दिवा

आमच्या गावातला एक तरुण पुण्याला हडपसरच्या बाजूला रात्रपाळीला जातो. खोलीपासून कामापर्यंत सायकल. तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, शहरात रस्तोरस्ती विजेचे दिवे आहेत. मग सायकलला दिवा कशाला?"

आम्ही म्हटले, "बाबा रे, तुला रस्ता दिसतो. पण मागच्या ट्रकवाल्याला तू दिसतोस का?"

शहरात उजेड फार, हीच तर अडचण आहे. दुकानांच्या पाट्या, मोटारींचे दिवे, सिग्नल. या झगमगाटात बिनदिव्याची सायकल हरवून जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. चालकाला तुम्ही दिसणार, मग तो ब्रेक दाबणार, मग गाडी थांबणार. तेवढ्यात २५-३० मीटर सरतात. म्हणून तुम्ही त्याला त्याहून पुष्कळ लांबून दिसले पाहिजे.

पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा. पुष्कळ लोक पुढचा घेतात आणि मागचा राहू देतात. आम्ही म्हणतो, मागचाही त्याच दिवशी घ्या. पुढचे तुम्ही पाहता. पाठीला काही डोळे नाहीत.

आमच्या वेळी डायनॅमो असे. तो टायरला टेकवायचा. चाक फिरले की दिवा पेटे. सेलचा खर्च नाही. पण पायडल जड जाई, पावसात तो ओल्या टायरवर घसरे, आणि चौकात थांबलो की दिवा गुल! मोटारी वळतात त्या नेमक्या तिथेच.

आता एलईडीचे लहान दिवे मिळतात. काही सेलवर चालतात, काही मोबाईलसारखे चार्ज करायचे. विसरभोळ्याने सेलवरचाच घ्यावा आणि जादा सेल खिशात ठेवावेत. आम्ही तेच करतो.

खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असते. ते उजेडाचे माप. दिव्यांच्या रस्त्याला पुढे १०० च्या आसपास पुरते. अंधाऱ्या रस्त्याने जायचे तर ३०० च्या आसपास बघा. खोक्यावर '२० तास' असे ठळक छापलेले असते. ते बहुतेक मंद किंवा लुकलुकत्या उजेडाचे. पूर्ण उजेडाचे तास बारीक अक्षरांत असतात. अक्षरे इंग्रजी असली तर दुकानदाराला बोट ठेवून दाखवायला सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. पावसाचे शिंतोडे सोसणारा आहे का, तेही विचारा.

पुढचा दिवा थोडा खाली, रस्त्यावर झुकवा. नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. लुकलुकणारा दिवा चटकन नजरेत भरतो, पण सायकल किती लांब आहे याचा अंदाज नीट येत नाही. मागचा आम्ही स्थिरच ठेवतो.

एक गोष्ट आम्ही हात मोडून शिकलो. आमचा मागचा दिवा सीटखाली होता, पेटलेला होता. पण कॅरियरवर तांदळाचे पोते होते. पोत्याने दिवा झाकला, आणि मागून टेम्पोचा धक्का बसला. महिनाभर फळ्यावर डाव्या हाताने लिहिले. तेव्हापासून दिवा कॅरियरच्या मागच्या टोकाला, ओझ्याच्या बाहेर.

त्या तरुणाने दोन्ही दिवे आणले. रात्री त्याला नेहमीची पिशवी बांधून रस्त्याने पुढे जायला सांगितले. आम्ही मागे उभे राहिलो. शंभर पावलांवर दिवा दिसेना! पिशवीचा बंद दिव्यावर लोंबत होता. तो आखडून बांधला, आणि त्याला पुन्हा पिटाळले. या खेपेस तांबडा ठिपका मारुतीच्या देवळाच्या वळणापर्यंत दिसत राहिला.