बायपाससाठी पायाची शीर : लांब चिरेऐवजी दुर्बीण

हृदयाची बायपास म्हटली की नातेवाइकांचे लक्ष छातीकडे असते. घरी आल्यावर मात्र अनेकांना जास्त सतावतो तो पाय. घोट्यापासून मांडीपर्यंत टाके, सूज, चालताना ओढ. भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या मावळात आणि कपडेही न वाळणाऱ्या लोणावळ्याच्या पावसात ही जखम कोरडी ठेवणे सोपे नाही. त्यात मधुमेह असेल तर जखम चिघळण्याची भीती अधिक.

मुळात शीर पायातूनच का? तुंबलेल्या धमनीला वळसा घालून रक्त न्यायला नळी लागते. छातीतील धमनी सहसा वापरतातच; पण तीन-चार जोड द्यायचे तर ती पुरत नाही. पायाच्या त्वचेखालची लांब नीला त्यासाठी सोयीची. ती काढली तरी पायातले रक्त खोलवरच्या नीला वाहून नेतात. तिच्यातल्या झडपा एकाच दिशेने उघडतात, म्हणून ती हृदयावर उलटी करून शिवतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ पासून ही पद्धत रुजवली.

दुर्बिणीच्या पद्धतीत गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरची चीर देतात. कॅमेऱ्याची नळी आत जाते, कार्बन डायऑक्साइडने जागा फुगवतात, नीलेच्या फांद्या जाळून बंद करतात आणि शीर ओढून घेतात. बाहेरून सोपे दिसते. पण शीर ताणली किंवा चिमटली गेली, तर आतले अस्तर दुखावते. २००९ मध्ये एका अमेरिकी विश्लेषणात अशा शिरा लवकर बंद पडतात, असे दिसले आणि शंका पसरली. पुढे ‘रीग्रुप’ चाचणीत अमेरिकेतील माजी सैनिकांच्या १६ रुग्णालयांत ११५० रुग्णांची तुलना झाली. २०१९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा शस्त्रक्रिया यांत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नव्हता. पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग मात्र लांब चिरेत ३.१ टक्के, दुर्बिणीत १.४ टक्के. त्या चाचणीत शीर काढणारे हात सरावलेले होते, हे विसरता कामा नये.

त्यामुळे बायपाससाठी पुण्याला जाणाऱ्या मावळातील कुटुंबाने शस्त्रक्रियेआधीच तीन गोष्टी विचाराव्यात : शीर कोण काढणार, त्यांनी दुर्बिणीने किती काढल्या आहेत, आणि एकदाच वापरायच्या किटचे पैसे कोणाकडे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपास आहे. किटबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे. घरी आल्यावर पाय लाल झाला, पू आला किंवा ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांना दाखवावे.