आवा उघडल्यावर फुटतं किती, उरतं किती?



संक्रांतीला आपण सगळ्या सुगडं घेतो. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तीळ घालून पूजा करतो. आपल्या सोलापूरची संक्रांत तर कुंभाराच्या घराशीच जोडलेली आहे. गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न. तिथं आपण भक्तीनं अक्षता टाकतो, आणि बाजारात मात्र कुंभारणीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

आपल्या काही समूहांत मातीकाम करणाऱ्या सख्या आहेत. "ताई, कष्ट भरपूर, हातात काही राहत नाही," असं त्या म्हणतात. हातात का राहत नाही, आणि तरीही हे काम सुटत का नाही, ते या लेखात समजून घेऊ. ज्या सख्या पापड, शेवया किंवा शिवणकाम करतात त्यांनीही वाचावं, कारण हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

मडकं का फुटतं?

"नशीब फुटकं" असं म्हणून सोडू नका. प्रत्येक तडा काहीतरी सांगत असतो.

1. ओल राहिली तर: वरून वाळलेलं मडकं आतून ओलं असू शकतं. आव्यात त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि मडकं फुटतं. म्हणून सुरुवातीला जाळ मंद ठेवायचा.

2. वाळणं एकसारखं झालं नाही तर: माती वाळताना आकसते. काठ लवकर वाळला आणि बूड ओलं राहिलं की ताण येतो आणि चीर जाते. उन्हात न ठेवता सावलीत, वारा न लागेल असं वाळवायचं ते यासाठीच.

3. चुनखडीचा खडा राहिला तर: आपल्याकडच्या मातीत हे पांढरे खडे बरेच असतात. भाजल्यावर या खड्याचा चुना होतो. पुढं हवेतली ओल लागली की तो फुगतो आणि वरचा टवका उडवतो. माठ विकल्यावर आठ-पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं ते बहुतेक यामुळं. माती बारीक चाळली की हे टळतं.

4. नुसती काळी माती वापरली तर: काळी माती पाण्यानं फार फुगते आणि वाळताना फार आकसते. म्हणून जाणती माणसं तिच्यात राख, लीद, भुसा किंवा बारीक वाळू मिसळतात.

याशिवाय अवकाळी पाऊस आहेच. माठ वाळायला ठेवण्याचे दिवस आणि वळवाचे दिवस एकच. पण एक दिलासा आहे. कच्चं मडकं मोडलं तरी माती वाया जात नाही. पुन्हा भिजवली की पुन्हा गोळा तयार. एकदा नीट भाजलं की मात्र त्याची परत माती होत नाही. म्हणून शंका असलेलं मडकं आव्यात लावूच नका. आणि भाजल्यावर फुटलंच, तर खापऱ्या आवा झाकायला ठेवा.

हिशेब कुठं चुकतो?

समजा, 100 माठ केले. माती, जळण, वाहतूक मिळून 4,000 रुपये. नवरा-बायको दोघं सहा दिवस राबले. रोज 300 रुपये हजेरी धरली तर 3,600. एकूण 7,600 रुपये. मग आपण म्हणतो, एक माठ 76 रुपयांना पडला, 80 ला विकू, चार रुपये सुटतील.

पण आव्यातून 85 च चांगले निघाले. 85 माठांचे 80 प्रमाणे 6,800 रुपये आले. म्हणजे 800 रुपयांचा तोटा! खरं तर 7,600 ला 100 नं नाही, 85 नं भागायला हवं होतं. माठ जवळजवळ 90 रुपयांना पडला. नफा त्याच्यावर.

हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. तुमचे तुम्ही लिहा: आव्यात किती लावले, किती चांगले निघाले, किती फुटले आणि कशानं फुटले. बचतीची वही ठेवतो तशीच ही वही. चार-पाच आवे लिहिले की आपल्याकडं सरासरी किती फुटतात ते कळतं. फुटणं धंद्यातलंच आहे, फक्त ते दरात धरायला हवं.

शहरातले स्टुडिओ पॉटर, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत एकट्यानं कप, बशा, भांडी घडवणारे कलाकार, हेच करतात. त्यांचीही भट्टी बिघडते. झिलई ओघळते, भांडं फळीला चिकटतं. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी तर झिलईचे आपले प्रयोग नोंदवून कुंभारांसाठी पुस्तकच लिहिलं. दुसरी गोष्ट, हे कलाकार भांड्याच्या बुडाला आपली खूण करतात. आपल्या सख्यांनीही समूहाचा छोटा शिक्का करावा. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात गिऱ्हाईक वस्तू कोणी केली ते विचारतं.

तिचा हात कुठं मोजला?

अनेक कुंभारघरांत चाकावर पुरुष बसतो. माती चाळणं, तुडवणं, मडकी वाळवणं, काव लावणं, आवा रचायला हात देणं आणि बाजारात बसणं हे बाईकडं. पण "काय करता?" असं विचारलं की ती म्हणते, "मालक मडकी करतात, मी घरीच असते." वरच्या हिशेबात म्हणूनच तिची हजेरी मुद्दाम धरली.

हे फक्त मानापुरतं नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 कारागिरी आहेत, त्यात कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख व नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीकडं. पण एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. तेव्हा अर्ज कोणाच्या नावानं करायचा हे न बोलताच ठरू देऊ नका. घरात बसून बोला. तुम्हीही हे काम करत असाल तर तुम्हीही कारागीर आहात.

मग हे काम सुटत का नाही?

संत गोरोबाकाका आपल्या शेजारच्या तेरचे. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते त्यांनी पाहिलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आजही आवा उघडला की कुंभारीण मडक्यावर बोट वाजवते. खणखणीत आवाज आला की तिचा चेहरा बघावा! वैशाखातल्या उन्हात त्या माठातलं पाणी झिरपून, वाऱ्यानं उडून, गार होतं. विजेशिवाय. कुणाची तरी तहान आपल्या हातच्या वस्तूनं भागते, हे समाधान हजेरीत मोजता येत नाही. पण समाधान आहे म्हणून हजेरी सोडायची असं कुठं आहे?

पुढच्या बैठकीत मातीकाम करणाऱ्या सखीनं मागच्या आव्याचा हिशेब आणावा. बाकीच्यांनी तो तिच्यासोबत मांडून बघावा. आणि येत्या संक्रांतीला सुगडं घेताना, ती सांगेल तो दर द्यावा.