आजोबांना दिसणारीं माणसें

घरांतील वृद्ध मनुष्य रिकाम्या खोलीकडे बोट दाखवून ‘तीं मुलें केव्हां आलीं?’ असें विचारूं लागला, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यांत कोणी त्यास बाधा म्हणतो, तर कोणी म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेतो. परंतु यामागें मेंदूचा विकार असूं शकतो. ‘ल्युई बॉडी डिमेन्शिया’ हा त्यांतलाच एक. त्याची ओळख आम्ही येथें थोडक्यांत करून देतों.

इ. स. १९१२ मध्यें फ्रीड्रिख ल्युई या जर्मन संशोधकानें कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंतील पेशींत सूक्ष्म गोळे पाहिले. १९७६ सालापासून जपानच्या डॉ. केंजी कोसाका यांनीं त्यांचा संबंध बुद्धिभ्रंशाशीं जोडून दाखविला. आणि १९९७ सालीं त्या गोळ्यांत आल्फा-सायन्यूक्लीन नांवाचें प्रथिन सांचतें, हें उघड झालें.

बुद्धीच्या ऱ्हासाबरोबर या रोगाचीं चार प्रमुख लक्षणें आहेत. पहिलें, भान कमीजास्त होणें : सकाळीं हिशेब चोख, दुपारीं नुसतें शून्यांत पाहणें. दुसरें, नसलेलीं माणसें वा जनावरें स्पष्ट दिसणें. तिसरें, चाल मंदावणें, अंग ताठणें किंवा हात कांपणें. चौथें, झोपेंत स्वप्नाबरोबर ओरडणें, लाथा झाडणें. हें तर कित्येकदां अनेक वर्षें आधींच सुरू होतें. स्मरणशक्ति मात्र आरंभीं बरी राहूं शकते, म्हणून घरचीं माणसें फसतात.

एकाएकीं भ्रम झाल्यास ताप, मूत्रमार्गाचा दाह किंवा एखादें औषध हेंही कारण असूं शकतें. तें आधीं तपासावें लागतें. रोग ओळखण्यास घरच्यांनीं लिहून ठेवलेली टिपणें डॉक्टरांस फार उपयोगी पडतात.

हा रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. तथापि रिव्हास्टिग्मीन व डोनेपेझिल यांनीं भान व भास यांत पुष्कळांस उतार पडतो. ताठरपणावर लेव्होडोपा बेतानें देतात, कारण त्यानें भास वाढूं शकतात. आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही हेंच द्रव्य असतें. तेव्हां तिचें चूर्ण डॉक्टरांस न सांगतां देऊं नये. सर्वांत मोठें भय निराळेंच आहे : भास थांबविण्यासाठीं हॅलोपेरिडॉलसारखें औषध दिल्यास असा रोगी एकदम ताठून जिवावर बेतूं शकतें. यास्तव झोपेंतील लाथांपासून सर्व हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.

मुलांनो, आजोबांशीं वाद घालूं नका, त्यांची थट्टाही करूं नका. ‘आम्हांला दिसत नाहीं, पण आम्ही जवळ आहों,’ एवढें म्हणावें, दिवा लावावा, आणि वाटेंतील अडगळ दूर करावी. कारण पडण्याचें भय त्यांस फार असतें.