संरक्षण अधिकारी : कार्य आणि कर्तव्ये

घरातील मारहाण हा त्या घराचाच खाजगी प्रश्न होय, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले आणि पतीने वा सासरच्या मंडळींनी केलेला छळ गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे.) परंतु अपराध्यास शिक्षा होणे आणि पीडितेच्या डोक्यावरचे छप्पर टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीची तजवीज २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाने केली. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. संरक्षण अधिकारी हे पद त्यानेच निर्माण केले असून त्यावर शक्यतो स्त्रीची नेमणूक व्हावी, अशी त्यात अपेक्षा आहे.

तक्रार येताच हा अधिकारी विहित नमुन्यात कौटुंबिक घटना अहवाल तयार करतो. वरकरणी हे कारकुनी काम भासेल. वस्तुतः सारे कौशल्य येथेच पणास लागते. अंगावरचा वळ दिसतो. पगार काढून घेणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, घरखर्चास पैसे न देणे यांचा वळ दिसत नाही. ही आर्थिक हिंसा होय, हे अनेकींना ठाऊक नसते. म्हणून त्या सांगतही नाहीत. ते धीराने, तारीखवार विचारून घ्यावे लागते. आदेश देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी हा अहवाल विचारात घेणे बंधनकारक आहे.

अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवली जाते. निकड असल्यास एकतर्फी अंतरिम आदेशही मिळतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्याच कारणावरून सुनेचा निवासाचा दावा फेटाळता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

वैद्यकीय तपासणी, आश्रयगृह आणि विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळवून देणे, तसेच पीडितेशी विचारविनिमय करून सुरक्षिततेची योजना आखणे, हीही त्याची कर्तव्ये होत. 'आपसांत मिटवून घ्या' असे सांगून तिला परत धाडणे मात्र त्यांत बसत नाही. समुपदेशनाचा आदेश दंडाधिकारी देतात.

तक्रार पीडितेनेच करावी असेही नाही. शेजाऱ्यांना वा शिक्षिकेला माहिती देता येते आणि ती सद्भावनेने दिली असल्यास त्यांच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. महिला साहाय्यासाठी दूरध्वनी क्रमांक १८१ आहे.